बावडेकर डॉक्टरांची पुडी

बावडेकर डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटने जीभ दाखवायची आणि ‘बरं’ म्हणायचं, एवढीच रीत होती. मी त्या दिवशी तिसरंच काहीतरी केलं.

“डॉक्टर, या पुडीत काय असतं?”

कंपाउंडर दिनकर काचेच्या तुकड्यावर पांढऱ्या पावडरीच्या छोट्या छोट्या ढिगल्या करत होता. त्याचा हात जागच्या जागी थांबला. आत आणि बाहेर यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता हिरवा पडदा होता, त्यामुळे बाकांवर बसलेल्या माणसांनीही ते ऐकलं आणि त्यांची कुजबुज बंद पडली. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साठीचा माणूस, पांढराशुभ्र सफारी, बोटात पोवळ्याची अंगठी. तालुक्याच्या गावात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. माझ्या नवऱ्याचा जन्म त्यांच्याच हातून झालेला, आणि आमच्या लग्नात पहिला आहेर त्यांचा होता.

“काय म्हणालात सूनबाई?”

मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, मी बी.ए. झाल्याचं सांगितलं. कशात, म्हणाले. मराठीत, म्हटलं. ते पडद्याकडे तोंड करून हसले, म्हणजे बाहेरच्यांनाही हसायला परवानगी मिळाली, आणि बाहेरून हसू आलंच.

“मग कविता वाचत जा. औषधाचं मी बघतो.”

गप्प बसणारी बाई असते तर इथेच थांबले असते. पण माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माहेरी आई म्हणायचीच. शिवाय मला जे दिसत होतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं, कारण आत्याबाईंची पोलकी मी शिवत होते. आमचं घर शिंप्याचं. खाली कापडाचं दुकान आणि मशिनी, वर आम्ही. गुडघेदुखीसाठी बावडेकरांची पुडी सुरू झाल्यापासून आत्याबाई जिना चढू लागल्या होत्या, ते खोटं कशाला म्हणू? पण त्यांचं जुनं माप कामाचं राहिलं नव्हतं. दंडाला कापड सैल पडे, पोटावर तटतटे आणि मानेच्या खाली मांसाचा असा उंचवटा आला होता की पोलकं तिथे उचललं जाई. चेहरा गोल गरगरीत झाला होता. शेजारणी म्हणत, औषध अंगी लागलं. बांगडी जरा घासली तरी हातावर काळानिळा डाग पडे, त्याला मात्र कुणी काही म्हणत नव्हतं.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. म्हटलं, औषधाचं नाव कळलं तर बरं होईल, किती दिवस घ्यायचं तेही कळेल. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कापडाचा धागा उपसून काडी लावून बघतं, सुती आहे की टेरिलीन. आम्हाला त्याचा कधी राग येत नाही.

हे धाग्याचं बोलायला नको होतं बहुतेक. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी हात पुढे केला आणि आत्याबाईंच्या हातात नुकत्याच दिलेल्या पुड्या परत घेतल्या. घेऊन ड्रॉवरमध्ये टाकल्या.

“वहिनी, ज्या घरात माझ्यावर विश्वास नाही त्या घराला माझं औषध लागू पडत नाही. आजपासून तुम्ही दुसरा डॉक्टर बघा.”

आत्याबाई रडायला लागल्या. त्या माझ्यावर रागावणार हे मला माहीत होतं. पण त्या स्टुलावरून उतरून डॉक्टरांच्या पायांकडे वाकल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. साठीच्या बाईने गुडघ्याच्या औषधासाठी एवढं घाबरावं याचं मला नवल वाटलं, आणि संतापही आला. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. डॉक्टर खुर्चीतून हलले नाहीत.

“करा बंद,” ते मला म्हणाले. “आठ-दहा दिवसांत तुम्हीच यांना इथं उचलून आणाल.”

घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. रत्नाकर, माझा नवरा, कात्री हातात धरून दुकानाच्या पायरीवर उभा होता. तो ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं की मी खरंच बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल असं बोलले का. मी हो म्हटलं. मग तो माझ्याशी बोलायचा बंद झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांची माफी मागायला गेला. परत आला तो निरोप घेऊन. तुमच्याबद्दल काही नाही, म्हणाले होते, सूनबाईंनी येऊन माफी मागावी, जशी चारचौघांत विचारलं तशी चारचौघांत. मी जाणार नाही म्हटलं. मी चोरी केलेली नाही, खोटं बोललेले नाही, पोटात जाणाऱ्या औषधाचं नाव विचारलं आहे. त्यांनी नाव सांगावं, मी पायाही पडते.

“तुझ्या नाकापायी आईचे गुडघे धरतील,” रत्नाकर म्हणाला. बोलणं बंद होतं तरी एवढं बोललाच.

मी त्याला म्हटलं, आपण सरकारी दवाखान्यात दाखवू, तिथे नवीन डॉक्टर आले आहेत. आत्याबाईंनी साफ नकार दिला. मग विमल वन्सं आल्या. त्या जवळच्याच गावात दिलेल्या, एस.टी.ने तासाभरात माहेरी हजर होत. त्यांनी येताच आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की शिकलेली सून म्हणजे घरात बांधलेली शेळी, जे दिसेल त्याला तोंड लावते. मी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं. काय दिलं ते आता सांगत नाही, पण त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

आत्याबाईंनी अंथरूण धरलं. गुडघे दुखतच होते, पण त्या गुडघ्यांबद्दल बोलतच नव्हत्या. हात उचलत नाही, डोकं गरगरतं, अन्नाचा वास नको. रत्नाकर आणि वन्सं यांचं म्हणणं पडलं की आईने रागाने अन्न सोडलंय. आमच्या घरात ती पद्धतच होती. आत्याबाई रुसल्या की पानावरून उठत, आणि ज्याच्यावर रुसल्या असतील त्याने येऊन हात धरेपर्यंत जेवत नसत. मागे दिवाळीला वन्संवर रुसून त्यांनी सबंध पाडवा असाच काढला होता. म्हणून या वेळीही दोघे माझ्याकडे बघत थांबले होते, की आता ही जाईल, हात धरील, डॉक्टरांच्या पाया पडायला तयार होईल. मीही मनात म्हटलं, रुसू देत, माझी हरकत नाही.

पण एका सकाळी मी चहा नेला तो त्यांनी घेतला नाही.

आत्याबाई रागात जेवण सोडत, पाणी सोडत, बोलणं सोडत. चहा त्यांनी उभ्या आयुष्यात कधी सोडला नव्हता. पाडव्याच्या त्या रुसव्यातही त्यांचा चहा दोनदा झाला होता. मी कपबशी खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. गार, ओलं. डोळे अर्धवट उघडे, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी हाक मारली तर ओठ हलले आणि पिवळं पाणी बाहेर आलं.

मी जिन्यातून ओरडले. वन्सं वर आल्या, त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“हात धरला असतास तर काय झिजली असतीस?”

“हा रुसवा नाही,” मी म्हटलं. “रिक्षा आणा.”

सरकारी दवाखान्यातले तांबोळी डॉक्टर अगदी तरुण होते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि नर्सला सलाईन लावायला सांगितलं. मग आमच्याकडे वळून विचारलं की औषध कोणतं चालू होतं. रत्नाकर म्हणाला, पुडी. कसली पुडी? पांढरी. नाव? नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कुणी दिली? एवढं होऊनही बावडेकरांचं नाव परक्या डॉक्टरपुढे घ्यायला त्याची जीभ उचलेना. मीच सांगितलं. आठवड्यापूर्वीच बंद झाली, तेही सांगितलं.

“त्या पुडीने काही झालेलं नाही,” वन्सं मध्येच म्हणाल्या. “पुडी चालू होती तोवर आई चांगली होती. घरात भांडण झालंय. हिचं आणि आईचं बोलणं नाही. स्वयंपाक हीच करते, काय ते हिलाच विचारा.”

तांबोळी डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं की घरात उंदराचं औषध, ढेकणाचं औषध असं काही आहे का. मी हो म्हटलं, कापडाच्या दुकानात उंदराचं औषध असतंच. त्यांनी मान हलवली आणि नर्सला आणखी काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने दारात चौकीतले एक हवालदार येऊन उभे राहिले. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं, माहेरचं गाव विचारलं.

रत्नाकर तिथेच उभा होता. त्याने वर पाहिलं नाही. एवढं तोंडातून काढायचं होतं की माझी बायको असं करणार नाही, फार मोठं वाक्य नव्हतं ते. त्या दिवशी मला त्याचा जितका राग आला तितका बावडेकरांचाही आला नाही.

मी तांबोळी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, तुम्ही विष समजून उपचार करताय का? ते म्हणाले, मी दोन्ही बाजूंनी चाचपडतोय. रक्तदाब सलाईनला दाद देत नाही. विष असेल तर एक रस्ता, त्या पुडीचं काही असेल तर वेगळाच रस्ता. पुडीत काय होतं ते कळलं तर बरं. नाहीतर जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल, आणि या अवस्थेत त्या गाडीत तग धरतील असं मला वाटत नाही.

“मी विचारून येते,” मी म्हटलं.

हवालदार म्हणाले, बाई, तुम्ही कुठं जायचं नाही. तांबोळी डॉक्टर त्यांना म्हणाले, जाऊ द्या, माझ्या जबाबदारीवर.

बावडेकरांच्या दवाखान्यात बाक भरलेले होते. मी पडदा सारून सरळ आत गेले. दिनकर उठला, डॉक्टरांनी त्याला हाताने बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, अगदी उघड.

“आलात?” ते म्हणाले. “बसा. आधी आपलं काय ठरलं होतं?”

मी बसले नाही. पडदा हाताने बाजूला धरला, म्हणजे बाहेरच्यांना दिसावं, आणि मोठ्याने म्हटलं की मी चुकले, मी डॉक्टरांना विचारायला नको होतं, मला माफ करा. वाकून त्यांच्या बुटांना हात लावला. हे करावं लागू नये म्हणून मी आठवडाभर नवऱ्याचा अबोला आणि नणंदेचे टोमणे सोसले होते, आणि ते सगळं तिथे एका दमात संपलं. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही.

मग मी पडदा सोडला.

“आत्याबाई शुद्धीवर नाहीत. तिकडचे डॉक्टर विचारतायत पुडीत काय होतं. सांगा.”

डॉक्टर म्हणाले, पुडी घेऊन जा. दिनकर, वहिनींच्या पुड्या दे. मी म्हटलं, पुडी नको, नाव सांगा. त्यांनी मला पुन्हा सांगितलं की एक पुडी पाण्यात कालवून पाजा, संध्याकाळपर्यंत उठून बसतील. मी पुन्हा नाव विचारलं. दिनकर खाली मान घालून बसला होता. डॉक्टर उठले, कपाटापाशी गेले, आणि त्यांनी एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. बिस्किटांचा असतो तसा पत्र्याचा डबा, बाहेर काही लिहिलेलं नाही, आत पांढरी पावडर.

“एजंट आणून देतो,” ते म्हणाले. “सांध्यांची, दम्याची, खाजेची. सगळ्यांना हीच.”

“यात काय आहे?”

ते बोलले नाहीत. बोलायची इच्छा नाही म्हणून नव्हे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला हळूहळू कळलं की बावडेकर डॉक्टरांना ते माहीत नाही. कुणी विचारलेलं त्यांना का खपत नाही, तेही कळलं.

“तुम्हाला माहीत नाही,” मी म्हटलं.

“गुण येतो, एवढं माहीत आहे.” त्यांचा आवाज खाली आला होता. “आणि एकदम बंद केली की माणसं पडतात. पुन्हा दिली की उठतात. मी बघितलंय. म्हणून तर म्हटलं होतं तुम्हाला, परत आणाल म्हणून.”

“आत्याबाई पडणार हे ठाऊक असताना तुम्ही त्यांच्या हातातून पुड्या काढून घेतल्या?”

“दोन दिवसांत माफी मागायला याल असं वाटलं होतं. तुम्हीच ताणून धरलंत सूनबाई.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी समोरासमोर ऐकल्या. माझ्या हाताशी तो डबा होता. तो त्यांच्या पांढऱ्या सफारीवर उपडा करावा असं फार मनात आलं. पण मला वेळ नव्हता. मी त्यांना म्हटलं, माझ्याबरोबर चला आणि हेच तिकडे सांगा. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि दिनकरला पुढचा पेशंट बोलवायला सांगितलं. मी दिनकरच्या हातातल्या पुड्या हिसकावून घेतल्या आणि पळत निघाले.

तांबोळी डॉक्टरांनी माझं बोलणं पुरतं होऊही दिलं नाही. बंद केली की पडतात आणि दिली की उठतात, एवढं ऐकल्यावर त्यांनी विचारलं की चेहरा असा गोल आधीपासून होता का, मानेमागे मांस होतं का. मी पोलक्याचं सांगितलं. ते नर्सकडे धावले. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं की आपल्या शरीरात एक द्रव्य रोज तयार होतं, त्यावर जीव चालतो. असल्या पुडीत तेच घातलेलं असतं, भरमसाट. ते बाहेरून मिळत गेलं की शरीर स्वतः बनवायचं सोडून देतं. मग पुडी एकदम थांबवली की माणसाकडे काहीच उरत नाही. ती थांबवायचीच असेल तर हळूहळू, काही महिने लावून, डॉक्टरच्या नजरेखाली थांबवायची. त्यांनी सलाईनमधून त्याच द्रव्याचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

वन्संना माझ्या मुठीत पुड्या दिसल्या. त्यांनी त्या काढून घेतल्या, कपाळाला लावल्या, आणि एक पुडी उघडून आईच्या ओठांना लावायला निघाल्या. नर्सने त्यांचा हात धरला तेव्हा केवढा कालवा झाला. शेवटी ती पुडी त्यांनी आईच्या उशीखाली ठेवली.

संध्याकाळी आत्याबाईंनी डोळे उघडले, सकाळी पाणी मागितलं, आणि दुपारी चहा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. वन्संनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की बावडेकरांची पुडी उशाशी आली आणि आई उठली. हवालदार परत गेले. रत्नाकर माझ्याजवळ येऊन म्हणाला, “बरं झालं माफी मागितलीस.” मी त्याला उत्तर दिलं नाही, आणि पुढे पुष्कळ दिवस दिलं नाही.

आत्याबाईंजवळ दुपारी मी एकटीच होते. त्यांचा माझ्यावरचा राग तसाच होता. त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की डॉक्टरांना विचारायची अवदसा मला कुठून आठवली. मी थकले होते, झोप नव्हती, आणि मी त्यांना सगळं फाडफाड सांगून टाकलं. डब्यावर नाव नाही, एजंट आणून देतो, सांध्याला, दम्याला, सगळ्याला तेच. त्यात काय आहे ते त्यांना स्वतःला माहीत नाही. आणि बंद केली की माणूस पडतो हे मात्र पक्कं माहीत आहे.

आत्याबाईंनी कप खाली ठेवला.

“असं म्हणाले? त्यांच्या तोंडानं?”

“माझ्यासमोर. दिनकरनेही ऐकलंय.”

“दम्याला पण तीच?”

“तीच.”

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, विश्वास बसला नाही. मग त्यांनी मला दार बघायला सांगितलं, कुणी येत नाही ना म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून बोलायला लागल्या.

माझे सासरे मी पाहिले नव्हते. माझ्या लग्नाआधीच ते दम्याने गेले, एवढंच मला सांगितलेलं. आत्याबाई म्हणाल्या की त्यांनाही बावडेकरांची पुडी होती. पुडीने धाप थांबली होती, पण अंगाला सूज येई, म्हणून एकदा आत्याबाईंनीच डॉक्टरांना विचारलं होतं. कसली आहे हो ही, जास्त कडक नाही ना, एवढंच. डॉक्टरांनी पुड्या काढून घेतल्या होत्या. विश्वास नसेल तर नेऊ नका, म्हणाले होते. सासरे मानी, ते परत गेले नाहीत. काही दिवसांनी दुकानात माप घेता घेता खाली बसले आणि उठलेच नाहीत.

“सगळे म्हणाले, हिनं डॉक्टरांना दुखवलं. त्यांनी हात आखडता घेतला. सुतकात डॉक्टर स्वतः आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, वहिनी, मी सांगत होतो. मी त्यांच्या पाया पडले. तेव्हापासून मी कधी कुणाला काही विचारलं नाही. वाटायचं, आपल्या तोंडानंच माणूस गेला.”

दवाखान्यात त्या स्टुलावरून का वाकल्या होत्या ते मला तेव्हा समजलं. मी त्यांच्या पाठीला हात लावायला गेले. त्यांनी तो झटकला.

त्याच संध्याकाळी बावडेकर डॉक्टर आले. हातात सफरचंदांची पिशवी, मागे दिनकर. वॉर्डातली निम्मी माणसं उठून उभी राहिली. वन्संनी पायांवर डोकं ठेवलं, रत्नाकरने खुर्ची आणली. डॉक्टर बसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे न बघता आत्याबाईंचा हात हातात घेऊन नाडी पाहिली.

“काय वहिनी? शेवटी आमचीच पुडी उपयोगी पडली म्हणतात.”

आत्याबाईंनी हात सोडवून घेतला.

“डॉक्टर, आमच्या मालकांना तुम्ही काय देत होता?”

“आता त्या गोष्टीला किती वर्षं झाली वहिनी.”

“मला ती रोज आठवते,” आत्याबाई म्हणाल्या. “पुडी काढून घेतली तेव्हा ते पडणार हे तुम्हाला माहीत होतं का?”

रत्नाकर म्हणाला, आई, काय बोलतेस हे. वन्संनी तोंडाला पदर लावला. डॉक्टर उभेच होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या खाटेकडे, जिथली बाई उठून बसून ऐकत होती. मग ते रत्नाकरला म्हणाले की आईंना अशक्तपणा आला आहे, असं बरळणं होतं, काळजी करू नका. पिशवी खाटेवर ठेवून ते निघाले. रत्नाकर त्यांना पोचवायला गेला. वन्संही गेल्या.

आत्याबाईंनी उशीखालची पुडी काढली. उघडली नाही, वासही घेतला नाही. खाटेच्या कडेवरून हात खाली सोडून ती फरशीवर टाकून दिली. मग माझ्याकडे पाहिलं, नेहमीच्याच नजरेने, मी भाजीत मीठ जास्त टाकल्यावर पाहत तसंच.

“तू पण जा बाहेर.”

“का? काय हवंय?”

“काही नको. मला रडायचंय,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासमोर नाही रडायचं मला.”

मी खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.